रिकामा भोपळा आणि चांदीची काठी

सोमवार, लागोस

नायजेरियात, लागोस बेटावरच्या इडुमोटा बाजारातून वाट काढत इगा इदुंगानरानपर्यंत पोचायलाच सकाळ संपली. इगा म्हणजे लागोसच्या ओबाचा, म्हणजे राजाचा वाडा. फाटकाशी बसलेल्या रखवालदाराने आमच्याकडे बघून प्रसन्न हसत मान हलवली. आज आत सोडणार नाहीत. मावसभाऊ इथे इलुपेजूत बरीच वर्षं राहतो, त्याला याचं काही वाटलं नाही. "ताई, राजवाडा बाहेरूनच बघायचा असतो. आत काय, सोफेच असतात," म्हणाला.

बाहेरून बघण्यासारखंही बरंच होतं. डिसेंबर १८५१ मध्ये ब्रिटिश आरमाराने हे बेट तोफांनी भाजून काढलं. कारण सांगितलं ते गुलामांचा व्यापार थांबवण्याचं. कोसोकोला हुसकून आकितोयेला गादीवर बसवलं. पुढे ६ ऑगस्ट १८६१ ला आकितोयेच्या मुलाने, दोसुनमूने, बंदरात ब्रिटिश युद्धनौका उभी असताना बेट लिहून दिलं. मोबदला काय ठरला? वर्षाला १,२०० पोती कवड्या. एक पोतं म्हणजे २०,००० कवड्या, हा इथला जुना हिशेब. दर वर्षी २ कोटी ४० लाख कवड्या! त्यातल्या कितीतरी मालदीवच्या समुद्रातून निघून, बंगाल आणि युरोप असा वळसा घालून या किनाऱ्यावर चलन म्हणून उतरायच्या. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत आपण ज्या कवड्या बघतो, त्याच.

मी साताऱ्याची. आमच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनी सरकारने गादीवरून उतरवून काशीला पाठवलं, हे लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे कुठल्याही राजाबद्दल मला पहिला प्रश्न पडतो तो एकच: याला काढू कोण शकत होतं? तो कसा बसला हे दंतकथा सांगतात, पण त्याला उतरवायचा अधिकार कुणाकडे होता यावरून खरं राज्य कुणाचं ते कळतं. नैर्ऋत्येचे योरूबा आणि उत्तरेचे हौसा, या दोन्ही लोकांच्या मुलखांत हाच प्रश्न घेऊन फिरायचं ठरवलं होतं.

या वाड्याने पहिल्याच दिवशी एक झकास उत्तर दिलं. १९२५ मध्ये इथला ओबा एशुग्बायी एलेको सरकारला डोईजड झाला. सरकारने त्याची मान्यता काढून घेतली आणि त्याला ओयोला हद्दपार केलं. गडी कोर्टात गेला. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १९३१ मध्ये निकाल लागला, की कायद्याचा आधार कोर्टात दाखवल्याशिवाय सरकारच्या कुठल्याही अधिकाऱ्याला प्रजाजनाच्या स्वातंत्र्यात हात घालता येणार नाही. एलेको लागोसला परतला. आणीबाणीतल्या आपल्या १९७६ च्या हेबियस कॉर्पस खटल्यातही या निकालाचा दाखला दिला गेला होता. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन चौदा वर्षं खेटे घालत राहिले, पण हाती काही लागलं नाही. एलेकोचं नशीब बरं म्हणायचं.

संध्याकाळी इलुपेजूला परतताना रस्ताभर पिवळ्या रिक्षा. बहुतेक बजाजच्या. घरी वहिनीने पिठलं-भात केला होता.

मंगळवार, इले-इफे

पहाटे निघालो. लागोस-इबादान महामार्गावर ट्रकच ट्रक, मग इबादानला वळसा घालून पूर्वेकडे. दुपारी इफे.

योरूबांच्या लेखी जग इथे सुरू झालं. ओदुदुवा आकाशातून साखळीने खाली उतरला, बरोबर मूठभर माती आणि पाच बोटांचा कोंबडा. पाण्यावर माती टाकली, कोंबड्याने ती पायांनी विस्कटली आणि जमीन झाली. ओदुदुवाच्या मुला-नातवंडांनी चहूकडे राज्यं स्थापली. म्हणून ज्याला मण्यांचा मुकुट घालायचा आहे त्याला आपली नाळ इफेशी जोडून दाखवावी लागते. मुकुटाला पुढे मण्यांच्या सरींचा पडदा असतो, राजाचा चेहरा त्यामागे झाकलेला.

ओरानमियानचा दगडी खांब गावातच आहे. सुमारे साडेपाच मीटर उंच ग्रॅनाइट, अंगात ठोकलेले लोखंडी खिळे. खिळ्यांची रांग वरून खाली येत जाते. एक शाळकरी मुलगा ते मोजत होता आणि दर वेळी चुकत होता. खांबाचा अर्थ लावणारे बरेच आहेत. मी त्यात पडले नाही.

मला ओढ होती ती राजवाड्याशेजारच्या संग्रहालयाची. १९३८ मध्ये वाड्यामागच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना पितळी आणि तांब्याची मुंडकी सापडली. बाराव्या ते पंधराव्या शतकातली. ओठांची कड, पापण्यांची जाडी, चेहऱ्यावर उभ्या बारीक रेघा. त्यातलं एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याआधी १९१० मध्ये जर्मन प्रवासी फ्रोबेनियसला ओलोकुनच्या राईत असंच एक मुंडकं मिळालं होतं. इतकं कसब काळ्या माणसाचं असेल हे त्याच्या पचनी पडेना. त्याने बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीकांना श्रेय देऊन टाकलं. त्याच राईत स्थानिक पद्धतीने काच बनवायचे, मणी ओतायचे, हे आता उत्खननांनी सिद्ध झालंय. जुन्या इफेतल्या वाटा खापऱ्या कडेवर उभ्या रोवून फरसबंद केलेल्या होत्या. त्याचा एक तुकडा तिथे उघडा ठेवलाय. बसून बघितला. खापरीची प्रत्येक कड घासून गुळगुळीत झालेली.

इफेचा ऊनी, म्हणजे इथला राजा, पूर्वी वाड्याबाहेर पडत नसे. १९०३ मध्ये लागोसचा गव्हर्नर मॅकग्रेगर याने त्याला लागोसला बोलावून घेतलं. एपेच्या सरदाराने मण्यांचा मुकुट घातला होता, त्याला तो अधिकार आहे का, एवढं सांगायला. ऊनी गेला आणि त्याने सांगितलं, नाही. म्हणजे निवाडा ऊनीचाच, पण तो मागवून घेणारा गव्हर्नर. इतक्या सहज एक अख्खी व्यवस्था दुसऱ्याच्या कचेरीत जाऊन बसली.

बुधवार, ओयो

आजचं ओयो हे नवं ओयो. जुनं, ओयो-इले, उत्तरेला सवाना गवतात उजाड पडलंय. १८३० च्या दशकात राजधानी तिथून हलली. आतिबाने दक्षिणेत येऊन हे गाव वसवलं. मला इथे आणून सोडणाऱ्या सेवानिवृत्त मास्तरांनी वाटेतच बजावलं, "अलाफिनबद्दल बोलताना आवाज खाली." अलाफिन म्हणजे ओयोचा राजा. मास्तरांच्या ओळखीची एक मध्यमवयीन बाई रस्त्यात भेटली, तर ती त्यांच्यापुढे गुडघे टेकून बोलली, आणि लगेच उठून कांद्याच्या भावावरून त्यांच्याशीच भांडली.

ओयोचं बळ घोडदळात होतं. दक्षिणेत त्सेत्से माशीमुळे घोडी टिकायची नाहीत, म्हणून उत्तरेकडून, नुपे आणि हौसा मुलखातून घोडे विकत यायचे. अठराव्या शतकात शेजारचं दाहोमे राज्यसुद्धा ओयोला खंडणी भरत होतं. जिंकलेल्या गावांवर अलाफिनचे ‘अजेले’ बसत: लक्ष ठेवायला, खंडणी गोळा करायला. राजाचे दूत ‘इलारी’, त्यांचं अर्धं डोकं भादरलेलं. अर्धं डोकं तुळतुळीत असलेला माणूस गावात शिरला की काहीतरी मागायला आलाय, हे लोक ओळखायचे. रेसिडेंट, म्हणजे राजावर लक्ष ठेवायला बसवलेला अधिकारी, हा प्राणी इंग्रजांनीच इथे पहिल्यांदा आणला असं समजून मी आले होते. अजेलेंबद्दल ऐकल्यावर ते मनातून काढून टाकलं.

पण एवढ्या अलाफिनलाही वर हात होते. ओयो मेसी नावाचं सात सरदारांचं मंडळ, त्याचा प्रमुख बाशोरुन. राजा डोक्यावर बसायला लागला, की बाशोरुन त्याच्यापुढे झाकलेलं पात्र ठेवायचा. आत रिकामा भोपळा, किंवा पोपटाची अंडी. "देवांनी तुला नाकारलं, लोकांनी तुला नाकारलं, भूमीने तुला नाकारलं." त्यानंतर राजाने स्वतःच आयुष्य संपवायचं. त्याच्याबरोबर थोरला मुलगा आरेमोही जायचा आणि मंडळातला एक सरदार, सामू, तोही. म्हणजे भोपळा पाठवण्याआधी सरदारांनाही दहादा विचार करावा लागे, कारण त्यांच्यातलाही एक जण मरायचा. इंग्लंडची संसद आपल्या राजांशी कशी वागली याचं कौतुक आम्हाला शाळेत शिकवलं, या भोपळ्याचं नाही.

अर्थात भोपळ्याचाही गैरवापर झाला. बाशोरुन गाहा १७५४ ला सत्तेवर आला आणि त्याने एकामागून एक अलाफिन संपवले. शेवटी अलाफिन आबियोदुनने १७७४ मध्ये त्याचा काटा काढला. त्यानंतरची पन्नासेक वर्षं ओयोची पडझडीची. इलोरिनच्या आफोंजाने १८१७ च्या सुमारास बंड केलं, मदतीला उत्तरेकडचे मुसलमान योद्धे घेतले आणि शेवटी त्यांनीच इलोरिन गिळलं. ते आजही अमीराचं गाव आहे.

मास्तरांनी भोपळे कोरणाऱ्याकडे नेलं. ओयोत ही जुनी कला आहे. म्हातारा बाकावर बसलेला, मांडीवर अर्धा कापलेला, वाळून पिवळा पडलेला भोपळा, हातात बोटभर लांबीचं वाकडं पातं. आखणी नाही, पेन्सिल नाही. कडेने एक रेघ, मग तिला समांतर दुसरी, मग दोघींच्या मधला भाग बारीक तिरक्या चिरांनी भरत न्यायचा. पातं सरकताना नखाने पाटी खरवडल्यासारखा आवाज, आणि गुडघ्यावर पिठूळ भुसा साचलेला. मी विचारलं, राजाला पाठवायचा भोपळा कोरलेला असायचा की साधा? मास्तरांनी भाषांतर केलं आणि दोघंही खो खो हसले. म्हातारा म्हणाला, त्या कामाला माझ्याकडे कुणी आलं नाही. किमतीवर घासाघीस मास्तरांनीच केली, मला बोलूही दिलं नाही.

पण इंग्रजांनी काय केलं, ते मास्तरांनी राजवाड्याच्या व्हरांड्यात बसून सांगितलं, आवाज खाली ठेवून. नोव्हेंबर १८९५ मध्ये कॅप्टन बॉवरने ओयोवर तोफा डागल्या. अलाफिन नमला. मग कारभार ‘अप्रत्यक्ष’ झाला: राजा असू द्यायचा, कोर्ट त्याचं, कर त्याच्या नावाने, आणि मागे रेसिडेंट. १९१४ ते १९३१ इथे कॅप्टन रॉस रेसिडेंट होता. त्याने अलाफिन लादिगबोलूला इतकं वर चढवलं, की ओयोच्या भरभराटीच्या काळातही कुणा अलाफिनला मिळाली नसेल एवढी सत्ता त्याच्या हाती आली. इबादानसारखं बलाढ्य गावही त्याच्या अंगठ्याखाली दिलं. १९१६ मध्ये इसेयिन आणि ओकेइहोचे लोक उठले. नवी कोर्टं, नवे अधिकारी नको म्हणाले. उठाव चिरडला गेला. ओयो मेसी होतेच, पण त्यांच्या भोपळ्याला आता कोण विचारतो? राजाला उतरवायचं तर रेसिडेंटने उतरवायचं. परंपरा जपली असा दावा करणाऱ्या राजवटीने परंपरेतला नेमका लगामच काढून फेकला. बाकी सगळं, छत्र, ढोल, लोटांगणं, व्यवस्थित जपलं.

आणि स्वातंत्र्यानंतर? एप्रिल २०२२ मध्ये तेव्हाचे अलाफिन वारले. ओयो मेसींनी एक नाव सुचवलं, राज्य सरकारने ते मानलं नाही. गादी जवळपास तीन वर्षं रिकामी. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने दुसऱ्याच नावाची घोषणा केली आणि नव्या अलाफिनच्या हाती अधिकाराची काठी दिली गव्हर्नरने. नायजेरियातला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, निवडून येणारा. मास्तर यावर काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

गुरुवार, इबादान

ओके आरेच्या टेकडीवर बॉवर टॉवर आहे, १९३६ मध्ये बांधलेला. हा तोच बॉवर, ज्याने ओयोवर तोफा डागल्या. आतल्या गोल जिन्याने वर गेलं की गंजून लाल झालेल्या पत्र्यांचा समुद्र.

इबादान हे १८२९ च्या सुमारास वसलेलं लढवय्यांचं तळ-गाव. घराणं नाही, वारसा नाही. आजही ओलुबादान, म्हणजे इबादानचा राजा, व्हायचं तर दोन शिड्या, एक मुलकी, एक लष्करी. तळाच्या पायरीवर शिरायचं आणि वरचे गेले की एकेक पायरी चढायची. त्यामुळे वर पोचतो तो माणूस बहुधा ऐंशीच्या घरातला. सध्याचे ओलुबादान रशीदी लादोजा सप्टेंबर २०२५ मध्ये गादीवर बसले. ते स्वतः या राज्याचे गव्हर्नर होते, २००६ मध्ये विधिमंडळाने त्यांना काढलं आणि सर्वोच्च न्यायालयाने परत बसवलं. याला म्हणतात अनुभव.

१८७७ ते १८९३ इबादान आणि एकिती-इजेशा या दुसऱ्या योरूबा गटांच्या आघाडीत किरिजी युद्ध चाललं. तोफांच्या आवाजावरून पडलेलं नाव. दोन्ही बाजू थकल्या तेव्हा मध्यस्थ म्हणून इंग्रज आले. मध्यस्थ परत जात नाहीत, हे आपल्याला पेशवाईने शिकवलंय. दुपारी अमाला आणि एवेडू खाऊन लागोसचा रस्ता धरला, रात्री उशिरा पोचलो.

शुक्रवार, कानो

विमान ढगांतून नाही, धुळीतून खाली उतरलं. हरमाटन सुरू झालं होतं. वाळवंटावरून येणारा कोरडा वारा, ओठ फुटलेले, सूर्य दुपारीही चंद्रासारखा फिका. इथे रिक्षाला ‘अ दाइदाइता साहू’ म्हणतात. मी दर वेळी चुकीचं म्हटलं आणि दर वेळी रिक्षा थांबली.

हौसांची कहाणी योरूबांसारखी आकाशातून नाही, विहिरीतून सुरू होते. दौराच्या कुसुगू विहिरीत नाग होता, तो लोकांना पाणी काढू द्यायचा नाही. बगदादहून आलेल्या बायाजिद्दाने त्याला मारलं, दौराच्या राणीशी लग्न केलं आणि त्यांच्या वंशाने सात खऱ्या हौसा नगरांची स्थापना केली: दौरा, कानो, कात्सिना, झाझाऊ, गोबीर, रानो, बिराम. दुसरी सात नगरं ‘बान्झा बाक्वाई’, म्हणजे बनावट. या बनावट यादीत काही जण योरूबांनाही घालतात. लागोसला मावसभावाला फोनवर सांगितलं, तर तो हसून म्हणाला, इथे कुणाला सांगू नकोस.

कोफार माता म्हणजे माता दरवाजा, त्याच्याजवळचे निळीचे खड्डे पाचशे वर्षांचे सांगतात. जमिनीत गोल विहिरीसारखे खड्डे, काठ सिमेंटने लिंपलेले, आत काळंनिळं पाणी. निळीचा पाला, राख, खार घालून दिवसेंदिवस आंबवतात. एक माणूस काठावर उकिडवा बसून कापड बुडवत होता, पिळत होता, वर काढून वाऱ्याला धरत होता, पुन्हा बुडवत होता. वर आलं की हिरवट, मग डोळ्यांदेखत निळं. जितक्या बुडकळ्या तितका गडद. हात कोपरापर्यंत निळे, ते धुऊन जात नाहीत, तो धुवायचा प्रयत्नही करत नव्हता. पलीकडे लाकडी मोगऱ्यांनी कापड कुटत होते, कुटून कुटून त्याला पत्र्यासारखी चकाकी येते. जर्मन प्रवासी बार्थ १८५१ मध्ये इथे आला होता. कानोची वर्षाची कापडाची निर्यात त्याने ३० कोटी कवड्यांची धरली होती. खड्ड्याच्या तळाला उरलेला गाळही वाया जात नाही, तो भिंतीच्या गिलाव्यात घालतात, पाऊस आत येत नाही म्हणून.

शुक्रवार असल्याने अमीराच्या वाड्याशेजारच्या मोठ्या मशिदीकडे माणसांचे लोट. आम्ही बाजूला सरकून उभे राहिलो. संध्याकाळी ‘मासा’ खाल्ला, मासे नव्हेत, तांदळाचं आंबवलेलं पीठ खळग्यांच्या तव्यात भाजलेलं. चव थेट आप्प्यांची. चार प्लेट झाल्या.

शनिवार, कानो

सकाळी गिदान माकामा. पंधराव्या शतकातला मातीचा वाडा, आता संग्रहालय. भिंती ‘तुबाली’च्या, म्हणजे हाताने वळलेल्या, शंकूसारख्या, उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या. छताला ताडाच्या जातीच्या झाडाचं लाकूड, वाळवी लागत नाही असं. बाहेर धग होती आणि आत पाऊल टाकताच अंग निवलं. एका खोलीत काकाकी ठेवल्या आहेत, पुरुषभर उंचीच्या पत्र्याच्या तुताऱ्या. त्या फक्त राजासाठी वाजतात.

काकाकी, शहामृगाच्या पिसांचे पंखे, कुर्मी बाजार, अमीराचा वाडा गिदान रुम्फा, नऊ जणांचं मंत्रिमंडळ ‘तारा ता कानो’, हे सगळं बखर महंमद रुम्फाच्या नावावर टाकते. १४६३ ते १४९९ त्याची कारकीर्द. वाळवंटापलीकडून अल-मघीली नावाचा विद्वान आला होता, त्याने रुम्फासाठी राजधर्मावर पोथी लिहिली. म्हणजे इथे राजाला लगाम धर्मशास्त्राचा. त्याच शास्त्राने पुढे हौसा राजांचा घात केला. गोबीरच्या मुलखातला फुलानी विद्वान उस्मान दान फोदियो म्हणू लागला की हे राजे बेकायदा कर घेतात, मुसलमानांनाच गुलाम करतात. १८०४ मध्ये जिहाद पुकारला गेला, १८०७ मध्ये कानो पडलं आणि एकेका हौसा ‘सरकी’च्या, म्हणजे राजाच्या, जागी फुलानी अमीर आला. आता नेमणार आणि काढणार सोकोतोचा खलिफा, म्हणजे उस्मानच्या गादीवरचा माणूस.

पण कागदावर त्याचा अधिकार होता म्हणून तो चाललाच असं नाही. १८९३ मध्ये खलिफाने कानोवर तुकूरला अमीर नेमलं. कानोच्या मोठ्या गटाला तो नको होता. यादवी पेटली, ‘बसासा’. शेवटी अलियू बंडखोरांचा पुढारी म्हणून शहरात शिरला, तुकूर मारला गेला आणि खलिफाला मुकाट अलियूला मान्य करावं लागलं.

हाच अलियू फेब्रुवारी १९०३ मध्ये कानोचा अमीर होता. शहराला सुमारे ११ मैलांचा मातीचा कोट आणि १३ दरवाजे. अलियू सैन्यासह सोकोतोला गेलेला असताना उत्तर नायजेरियाचा ब्रिटिश हाय कमिशनर लुगार्ड याच्या फौजेने काबुगा दरवाज्याला भगदाड पाडलं आणि थोड्याच वेळात शहर हातात घेतलं. दुपारी कोट बघायला गेलो. बराच विरघळून गेलाय, जागोजागी लोकांनी माती घरासाठी नेली आहे. राहिलेल्या एका उंचवट्यावर पोरं क्रिकेट नव्हे, फुटबॉल खेळत होती. गाडीवाल्याने काबुगापाशी हॉर्न वाजवत बोटाने दाखवलं, "इथून आले."

मार्चमध्ये सोकोतो पडलं. लुगार्डने तिथे जमलेल्यांना सांगितलं: जिंकणाऱ्याचे हक्क आता आमच्याकडे आलेत, यापुढे सुलतान आणि अमीर नेमणार आम्ही. नव्या अमीरांनी शपथ घ्यायची आणि अधिकाराची काठी स्वीकारायची, मोठ्यांच्या काठीला चांदीची मूठ. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, मिशनऱ्यांना रान मोकळं देणार नाही, हेही वचन. कारभार स्वस्तात पडावा हा त्यातला खरा हेतू. मग रेल्वे आली. सरकारला लँकशायरच्या गिरण्यांसाठी कापूस हवा होता, शेतकऱ्यांनी हिशेब केला आणि भुईमूग लावला. पुढे कानोच्या भुईमुगाच्या पोत्यांचे डोंगर जगभर फोटोंतून गाजले. हा भाग मला फार आवडला. दक्षिणेकडून आलेल्या कारकून-कामगारांना कोटाबाहेर ‘साबोन गारी’, वेगळी वस्ती. तिथले वेगळेपणाचे व्रण स्वातंत्र्यानंतर फार भयंकर उघडे पडले.

आज कानोत दोन अमीर आहेत, म्हणजे दोघंही स्वतःला अमीर म्हणवतात. १९६३ मध्ये पहिल्या सनूसींना सरकारने काढलं. त्यांचा नातू, मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर सनूसी दुसरे, २०१४ मध्ये गादीवर आले, मार्च २०२० मध्ये त्यांनाही राज्य सरकारने काढलं. मे २०२४ मध्ये नव्या सरकारने कायदाच बदलून त्यांना परत आणलं. मधले अमीर अमिनू अदो बायेरो हटायला तयार नाहीत. एक गिदान रुम्फात, दुसरे नसरावाच्या वाड्यात, दोघांभोवती पहारे, कोर्टकज्जे चालूच. २०२४ च्या ईदला दंगा होईल म्हणून पोलिसांनी घोडेस्वारांच्या दरबारालाच बंदी केली, आणि त्याच डिसेंबरात युनेस्कोने कानोचा दरबार अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला.

रविवार अबुजाच्या विमानात आणि हॉटेलात गेला. कडुनाचा रस्ता नको, अपहरणं होतात, असं सगळ्यांनी बजावलं होतं.

सोमवार, लोकोजा

अबुजाहून गाडी केली. चालक कानोचा हौसा, पुढच्या सीटवर त्याच्या ओळखीचा लोकोजाचा वाटाड्या. वाटेत कोटोन-कार्फे लागलं. जानेवारी २०२४ मध्ये गव्हर्नरने इथल्याही राजाला पदावरून काढलं, वाटाड्याने सहज सांगितलं, जसं आपण इथे पूर्वी टोलनाका होता असं सांगावं.

नायजर आणि बेन्वे या नद्या लोकोजाला मिळतात. १ जानेवारी १९०० ला इथे रॉयल नायजर कंपनीचा झेंडा उतरून ब्रिटिश झेंडा चढला आणि फ्रेडरिक लुगार्ड उत्तर नायजेरियाचा हाय कमिशनर झाला. लुगार्डचा जन्म १८५८ चा, मद्रासचा. नोकरीची सुरुवात हिंदुस्थानातच. संस्थानं, रेसिडेंट, दरबार, मांडलिकाला मानाने वागवून मुठीत ठेवायची रीत, ही सगळी सामग्री त्याने बघितलेली होती. पट्टी डोंगरावर त्याचं विश्रामगृह आहे. वाटाड्या म्हणाला, इथे उभं राहून नदी बघताना फ्लोरा शॉला ‘नायजेरिया’ हे नाव सुचलं. गोष्ट छान आहे, पण बाईंनी ते नाव जानेवारी १८९७ मध्येच लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापलं होतं, आणि लुगार्डशी त्यांचं लग्न झालं १९०२ मध्ये. मी हे बोलले, तर वाटाड्या म्हणाला, "मॅडम, पर्यटक वर चढून येतात, त्यांना काहीतरी द्यावं लागतं." पटलं.

खाली पदच्युत अमीरांच्या कबरी आहेत. कानोचा अलियू इथे आहे. कानो पडल्याची बातमी कळल्यावर तो रात्रीतून सैन्य सोडून निघाला, पकडला गेला आणि १९२६ मध्ये लोकोजातच वारला. झाझाऊचा क्वासाऊही इथेच. सोकोतोचा खलिफा अत्ताहिरू मात्र यांच्यात नाही. तो हजारो माणसांसह पूर्वेकडे निघाला आणि २७ जुलै १९०३ ला बुर्मी इथे लढताना मारला गेला. त्याच्या माणसांतले वाचलेले चालत सुदानपर्यंत गेले, त्यांचे वंशज अजून निळ्या नाईलच्या काठी आहेत. खलिफाने नेमलेल्या अमीराला उलथून गादी घेणारा अलियू परक्यांच्या गावी पेन्शनीवर गेला, आणि ज्या खलिफाच्या गादीला त्याने झुकवलं, तिथला माणूस रणात पडला. यातलं काय श्रेयस्कर हे मला ठरवता येईना.

परतताना वाटाड्याने राज्याचं शासकीय निवासस्थान दाखवलं. गव्हर्नर राहतात ते. नाव: लुगार्ड हाउस. आजही. मी दोनदा विचारून खात्री केली. कोटोन-कार्फेच्या राजाला घरी बसवणारं सरकार याच घरातलं.

"नाव बदलत का नाहीत?" मी विचारलं.

"बदलून काम बदलणार आहे का?" वाटाड्या म्हणाला.

चालकाला यात रस नव्हता. तो कानोवर आला. त्याच्या मते खरा अमीर एकच, आणि त्याने नाव सांगितलं. वाटाड्याने दुसरं नाव सांगितलं, कारण म्हणे ज्याच्या हातात कोर्टाचा कागद तो खरा. "कुठला कागद? दोघांकडे कागद आहेत!" चालकाने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून विचारलं. मी मागून ओरडले, आधी रस्त्याकडे बघा. कोटोन-कार्फे गेलं, ग्वाग्वालादा गेलं, अबुजाचे दिवे दिसायला लागले, तरी पुढच्या दोन सीटांवर कानोच्या गादीचा निकाल काही लागला नव्हता.